अक्का, वाकळ परत आली

अक्का, गेल्या गुरुवारी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून मी पुण्याला गेले आणि तुमची वाकळ परत घेऊन आले. तुम्हाला जाऊन तेव्हा एक महिना आणि चार दिवस झाले होते. प्रदर्शनाच्या टेबलामागच्या बाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं. त्यात 'कलाकाराची सही' असा रकाना होता. "तुमचीच ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि तुमचं नाव लिहिलं. तुम्ही लिहायचात तसंच, प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ देऊन. खरं काय ते सांगायला गेले असते तर तिथेच रडू फुटलं असतं, आणि मागे चार माणसं आपापली कामं न्यायला उभी होती.

परत आणली म्हटल्यावर तुम्ही विचाराल की परत का दिली. तेच सांगायचं आहे. पण त्याला धीर होत नाही म्हणून महिनाभर कागदाला हात लावला नव्हता. आधी दुसरं बोलते.

लग्न होऊन मी वडिवळ्याला आले तेव्हा तुम्हाला त्या घरात अकरा वर्षं झाली होती. मी लोणावळ्याची, डी.एड. झालेली, भाताचं रोप आणि गवत यांतला फरक न कळणारी. तुम्ही थोरल्या जाऊबाई, चौथी शिकलेल्या; थोरले दीर, दादा, असूनही घर आणि शेत दोन्ही तुमच्या हातात. माहेरच्या सगळ्यांनी मला बजावलं होतं की थोरलीशी जपून राहा. पहिल्या थंडीत तुम्ही माझ्या खोलीच्या दारात एक जाड घडी आणून ठेवलीत. "धरणाकडनं वारं येतं हितं. तुझा रग पुरायचा न्हाई," एवढं बोलून निघून गेलात. मी ती उलगडली. तुमच्या जुन्या लुगड्यांच्या थरांवर माझ्याच लग्नातल्या मांडवाच्या झालरीचे तुकडे लावलेले होते. मांडव उतरवताना फाटलेली झालर कुणीतरी उकिरड्यावर टाकली होती. ती तुम्ही उचलून धुऊन ठेवली होती आणि मला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अक्का, गोधडी फार सुंदर आहे."

"वाकळ हाय ती," तुम्ही म्हणालात. "गोधडी म्हणलं की तान्ह्या लेकराची वाटती."

पुढे माझी शाळा आणि ह्यांची नोकरी लोणावळ्यात म्हणून आम्ही तिकडे बिऱ्हाड केलं. रविवारी मात्र यायचोच. अशाच एका रविवारी तुम्ही मला राबासाठी पालापाचोळा गोळा करायला टेकडीवर नेलंत. वरून तुम्ही भाताचं एकेक खाचर बोटाने दाखवत होता. ही वरची पट्टी, ही आंब्याखालची, ती विहिरीजवळची. पुढच्या रविवारी अंगणात तुमची नवी वाकळ वाळत होती. तिच्यातले तुकडे चौकोनी नव्हते. वाकडेतिकडे, एकमेकांत घुसलेले, मध्ये बारीक टाक्यांच्या दुहेरी ओळी. मी बराच वेळ बघत उभी राहिले.

"अक्का, ही आपली खाचरं आहेत का?"

तुम्ही लगबगीने येऊन वाकळ उलटी केलीत, चोरी सापडल्यासारखी. "दिसतंय व्हय?"

"दिसतंय."

"मग चुकून बरुबर झालं आसंल."

त्या दिवसापासून मी तुमच्या मागे लागले. तुम्हाला बाहेरचं काही नको होतं. पुढे जे जे 'नाही' तुमच्या वाट्याला आलं, ते मी हाताला धरून तुम्हाला त्याच्या दारापर्यंत नेलं म्हणून आलं. हे मी कुणासमोर बोलले नव्हते, आज तुमच्यासमोर बोलते.

लोणावळ्यात बंगल्यांच्या रस्त्याला, शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी हातकामाच्या वस्तूंचं ते दुकान होतं. तुम्ही चपला बाहेर काढून आत गेलात. बाकी सगळे चपला घालूनच फिरत होते. दुकानाच्या मॅडमनी वाकळ उलगडली, नाकाशी नेली. "धुराचा वास येतो हिला." मग मधल्या तुकड्यांवर हात ठेवून म्हणाल्या, "आणि हे एवढं काळं कशाला? घरात अंथरायची वस्तू, लोकांना अशुभ वाटतं."

"राब भाजल्याव काळंच दिसतं, बाई," तुम्ही म्हणालात.

"काय भाजल्यावर?"

मग मी पुढे होऊन सांगत बसले, की भाताचं रोप पेरायच्या आधी जमिनीवर पालापाचोळा पसरून ती भाजतात, म्हणून पोपटी रोपाच्या आधी तिथे काळी जमीन असते. मॅडमनी हसून ऐकून घेतलं आणि वाकळेची घडी घातली. "फिक्या रंगात करा. पांढरा, पिस्ता, फिका गुलाबी. हात चांगला आहे तुमचा."

आपण चालत बस स्टँडवर आलो. तिथे बाकावर बसल्यावर म्हणालात, "हात चांगलाय म्हणली ती." मला वाटलं, तुम्हाला बरं वाटलं. त्यानंतर दोन महिने तुम्ही सुई हातात धरली नाहीत, तेव्हा कळलं.

फिकं कापड मीच बाजारातून आणलं. तुम्ही तीन आठवड्यांत वाकळ करून दिलीत, आणि ती दुकानात आठवडाभरही राहिली नाही. मॅडमनी तशाच आणखी चार मागितल्या. मी पेढे घेऊन वडिवळ्याला आले. तुम्ही पडवीत तांदूळ पाखडत होता.

"आता न्हाई करायची तसली," तुम्ही म्हणालात.

"का?"

"ती शिवताना मला झोप यायची."

"अक्का, लोक मागतायत आणि तुम्ही नाही म्हणता?"

"त्यांनी माझी न्हाई म्हणली, तवा मी काय बोलले का? आता मी त्यांची न्हाई म्हणते."

आज हे आठवलं की हसू येतं. त्या दिवशी मला राग आला. उन्हातून आले होते, मॅडमना शब्द देऊन बसले होते. मी म्हटलं, "मग ठेवा घरातच रचून. कोण बघणार आहे?"

सुपाचा आवाज थांबला नाही. तुम्ही मान वर केली नाहीत. मी पेढ्यांचा पुडा चौकटीजवळ ठेवून आत गेले. त्यानंतर इतक्या वर्षांत आपण किती बोललो, सुनेच्या जातीने घरच्यांच्या नावाने किती कुरकुर केली, पण त्या वाक्याबद्दल कधी नाही. मी ते मागे घेतलं नाही. तुम्ही विसरला असाल असं मी धरून चालले. तुम्ही काही विसरणाऱ्यातल्या नव्हता.

पुण्याच्या त्या पहिल्या प्रदर्शनाचा फॉर्मही मीच भरला. कापडातल्या कलाकृतींचं प्रदर्शन होतं. मोठी वाकळ घेऊन आपण दोघी गेलो. दोन वर्षं खपून केलेली ती, जिच्यात धरणाच्या पाण्यासाठी तुम्ही माझी निळी सुती साडी फाडली होती. टेबलापलीकडे तिघं जण होते. त्यातल्या एकांनी विचारलं, "हे करण्यामागची तुमची प्रेरणा काय?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी हळूच म्हटलं, "कशासाठी करता, असं विचारतायत."

"थंडी वाजती," तुम्ही म्हणालात.

ते हसले. वाईट नव्हतं ते हसणं. पण मी घाबरले. पर्समधून मी घरून लिहून आणलेला कागद काढला आणि वाचायला लागले. विस्थापन, स्त्रीची स्मृती, भूमी आणि देह, असं बरंच काही. तुम्ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होता. येताना कामशेतवरून सहा आसनी रिक्षात बसलो. नाणे रोडला वळल्यावर तुम्ही विचारलंत, "तू ते वाचलंस, ते कुणाच्या वाकळंबद्दल हुतं?"

"तुमच्याच, अक्का."

"मला वळखू आलं न्हाई."

पत्र आलं ते मी तुम्हाला वाचून दाखवलं. काम कौशल्याचं आहे, पण ते पारंपरिक हस्तकला आणि आजची कला यांच्या मध्ये कुठेतरी राहतं, असं त्यात लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, "मध्ये म्हंजी कुटं?" मी मराठी शिकवते, अक्का. मुलांना परिच्छेदाचा अर्थ समजावून सांगते. मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

पुढच्या रविवारी आले तर तुम्ही पडवीत ती वाकळ उसवत बसला होता. सुईच्या टोकाने एकेक टाका उचलायचा, दोरा ओढायचा, रिकाम्या रिळावर गुंडाळायचा. मी ओरडले. "दोन वर्षं घातलीत हिच्यात!"

"कापड माझंच हाय. वाया न्हाई जायचं."

सगळा श्रावण तुम्ही उसवत होता. त्या कापडाच्या सात साध्या वाकळा केल्यात, उभ्याआडव्या टाक्यांच्या, नक्षी न काढता, आणि वरच्या वाडीतून आपल्याकडे लावणीला येणाऱ्या बायांना एकेक दिलीत. मी लोणावळ्याला जाऊन ह्यांना सांगितलं, "अक्कांनी हार मानली." तुमच्या दहाव्याला त्यातल्या तीन बाया आल्या होत्या. एक म्हणाली, तिच्या तिन्ही पोरी त्या एका वाकळेखाली निजतात.

तेव्हा एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, "वाईट वाटलं का हो?" तुम्ही भाकरी थापत होता. म्हणालात, "वाटलं की. लय वाटलं. पर वाईट वाटल्यालं ठिवायचं कुटं? हात चालू आसला की जरा कमी कळतं." आणि तव्यावरची भाकरी उलटलीत. तुम्हाला रडताना मी कधी पाहिलं नाही. त्यामुळे तुम्हाला किती लागलंय ते मोजायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

मग तुमच्या पोटात गाठ निघाली.

तुम्ही बाजेला खिळलात तेव्हा पुन्हा सुई मागून घेतलीत. मला साड्या मागितल्यात, दादांचं जुनं धोतर काढायला लावलंत, पूर्णिमाच्या शाळेच्या गणवेशाचा निळा स्कर्ट पेटीच्या तळातून मागवलात. लेक उर्स्यात नांदतेय, तिची मुलगी शाळेत जाते, आणि तुम्ही तो स्कर्ट जपून ठेवला होता. टेकडीवर जाणं आता शक्य नव्हतं. डोळे मिटून तुम्ही आठवायचात आणि उघडून टाका घालायचात. काळे तुकडे या वेळी मध्यभागी घेतलेत, नेहमीपेक्षा मोठे. संपत आली तेव्हा मला जवळ बोलावलंत.

"उज्वला, ते पुण्याचं अजून आसतं का?"

मी चमकले. "असतं. पण कशाला, अक्का?"

"आनखी एकदा इचारून बघू. तू फारम भर. पर या टायमाला चिठ्ठी वाचू नको."

मी चिठ्ठी वाचली नाही. 'कलाकृतीविषयी' या चौकटीत 'शेत' एवढंच लिहिलं, तेही तुम्हाला विचारून. फोटो पाठवले, त्यांतून निवड झाली, वाकळ प्रत्यक्ष आणून द्या असा निरोप आला. तुमच्या चेहऱ्यावर त्या दिवशी दिवसभर उजेड होता. आता शेवटची यादी तेवढी लागायची राहिली होती, आणि त्याच आठवड्यात तुम्हाला तळेगावच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

आता सांगते.

ईमेल आला तेव्हा मधली सुट्टी होती. मुलं डबे खात होती. दोनच ओळी होत्या. आपल्या कलाकृतीची अंतिम निवड होऊ शकली नाही, कृपया दोन महिन्यांत ती घेऊन जावी. संध्याकाळी दवाखान्यात आले तर तुम्ही उशीला टेकून बसला होता. मला बघताच विचारलंत, "निरोप आला?"

"अजून नाही, अक्का."

"येळ लागतोय म्हंजी बघत आसतील," तुम्ही म्हणालात. नर्स सलाईन बदलत होती, तिला सांगितलंत, "माझी वाकळ पुण्याला गेलीया."

रोज मी आले की तुम्ही विचारायचात. रोज मी तेच सांगायचे. सातव्या दिवशी तुमचा आवाज फार खोल गेला होता. माझं मनगट धरून म्हणालात, "न्हाई म्हणाले आसतील तर सांग हां. मला न्हाई ऐकायची सवय हाय."

"खरंच नाही आलं," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग "बरं" म्हणालात आणि मनगट सोडलंत. त्यानंतर दोन दिवस होतात तुम्ही, पण पुन्हा विचारलं नाहीत. त्या एका 'बरं'पाशी मी महिनाभर अडकले आहे. तुम्हाला कळलं होतं का? कळूनही माझ्यासाठी गप्प राहिलात का? की नुसत्या थकला होता? आता कुणाला विचारू?

तर अक्का, ते नाही म्हणाले. तुम्ही जायच्या नऊ दिवस आधी म्हणाले. कारण काही दिलेलं नाही. दुकानातलं नाही तुम्ही पचवलंत, पहिल्या पत्रातलं पचवलंत, दोन्ही वेळा उठून पुन्हा शिवायला बसलात. हे तिसरं तुम्हाला झेपणार नाही असं मी परस्पर ठरवलं. मला ते झेपत नव्हतं, हे त्यातलं खरं. तुम्ही सांगितलं असतंत मला, पुढे काय करायचं ते. उसवायची, की ठेवायची, की कुणाला द्यायची. ते विचारायची वेळ मी 'अजून नाही, अजून नाही' करत घालवली.

गुरुवारी पुण्याहून मी तडक वडिवळ्याला गेले. दादा पडवीत बसले होते. भात कापून झालंय, मळणीही झाली, पण ते शेताकडे फिरकत नाहीत असं शेजारचे सांगत होते. तुमच्या कामाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, कधी बघितलंही नाही. "चिंध्या गोळा केल्यात घरभर," एवढंच कधीतरी म्हणायचे, तेही रागाने नाही. मी पिशवी खाली ठेवली.

"काय आणलंस?"

"अक्कांची वाकळ. पुण्याला दिली होती ती."

मी बाजेवर ती पसरली. दादांनी विचारलं, "त्यांनी काय लिवलंय?" मी फोन काढून दोन ओळी वाचल्या. घरात कुणालाच मी हे सांगितलं नव्हतं, त्यांनाही तेव्हाच कळलं.

"कारन न्हाई दिलं?"

"नाही."

ते उठून बाजेजवळ आले. वाकून बघायला लागले. मग एका तुकड्यावर बोट ठेवलं. "ही वरची पट्टी." बोट सरकवलं. "ही आंब्याखालची. ह्यो राब." मग ते थांबले आणि त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ह्यो बांध चुकलाय. हितनं न्हाई वळत त्यो. इहिरीच्या अंगानं जातो."

मी वाकळेची दुमडलेली कड सरळ केली.

"मला इचारायचं की," दादा म्हणाले. "मी सांगितलं नसतं का? एवढं शिवत बसली, येका शब्दानं इचारायचं तर."

तुम्ही विचारलं होतं, अक्का. मी तिथेच होते. गणपतीच्या आधीचा रविवार होता. तुम्ही याच बाजेवर अर्धी वाकळ पायांवर घेऊन बसला होता आणि दादा बाहेर निघाले होते. "अवो, जरा बघा की," तुम्ही म्हणालात, "ह्यो बांध हितनंच वळतो ना?" दादांनी चपला पायात सरकवल्या, "व्हय व्हय" म्हणाले, आणि न बघताच अंगण ओलांडून गेले. तुम्ही ते दिसेनासे होईपर्यंत थांबलात. मग सुईत दोरा ओवलात आणि बांध तिथूनच वळवलात.

दादा माझ्याकडे बघत होते. उत्तर हवं होतं त्यांना.

"विचारायचं राहून गेलं असेल, दादा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. धोतराच्या टोकाने डोळे पुसले आणि पुन्हा वाकले. पुढच्या खाचरावर बोट ठेवून म्हणाले, "हे बरुबर हाय." त्याच्या पलीकडचंही बरोबर होतं, त्याच्या पलीकडचंही. कुठल्या खाचराला पाणी कुठून येतं, कुठल्यात कधी काय पेरलं होतं, ते सावकाश सांगत राहिले. माझी गाडी चुकली तरी मी उठले नाही.